गळाच्या काठीला गाइड बांधण्याआधीची तयारी

गाइड, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या कड्या, आधी मोजून घ्या. सात फुटी काठीला सात-आठ गाइड आणि वर टोकाची टिप, हा साधारण हिशेब. स्पिनिंग रीळ असेल तर पहिला गाइड मोठाच हवा, कारण दोरी रिळावरून वेटोळ्यांनी सुटते. पुढचे टिपेकडे लहान होत जातात.

मग कानस. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये. गाइडच्या पायाचं टोक बरेचदा जाड, बोथट असतं. गाइड बांधायचा दोरा त्या पायरीवर चढत नाही, घसरतो आणि तिथे फट राहते. म्हणून पायाची फक्त वरची बाजू बारीक कानशीने उतरती करा. खालच्या कडेला धातूची कूस राहिली तर ती काठीच्या ग्राफाइटवर ओरखडा काढते आणि मोठा मासा लागल्यावर काठी नेमकी तिथेच तुटते. तेव्हा शेवटी ४०० नंबरच्या सँडपेपरने दोन्ही बाजू गुळगुळीत करून घ्या. पाय ब्लँकवर, म्हणजे नुसत्या काठीवर, डुगडुगत असेल तर पक्कडीने पायच धरून हलकेच वाकवा. कडी धरून जोर दिलात तर आतली सिरॅमिक रिंग तडकते.

टिप हॉट मेल्टने, म्हणजे तापवून वितळणाऱ्या गोंदाने, बसवा, म्हणजे पुढे बदलता येते. आच गोंदाच्या कांडीला द्यायची, ब्लँकला नाही. नंतर ब्लँकचा स्पाइन, म्हणजे वाकवताना जास्त ताठ लागणारी बाजू, शोधून खूण करा, गाइड बारीक टेपच्या पट्ट्यांनी तात्पुरते लावा, दोरी ओवा आणि काठी वजनाने वाकवून बघा. दोरीने ब्लँकच्या वळणाबरोबरच वळायला हवं. दोन गाइडांमध्ये ती वळण सोडून सरळ जात असेल, तर तिथलं अंतर कमी करा. जागा मेणाच्या पेन्सिलीनेच आखा.

हलक्या काठीला ए जाडीचा दोरा, समुद्रावरच्या जड काठीला डी. साधा नायलॉन दोरा वरून एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, घट्ट होणारा थर) लागताच गडद आणि अर्धपारदर्शक होतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर कलर प्रिझर्व्हर (एपॉक्सीआधी दोऱ्यावर लावायचा द्रव) किंवा तो न लावताही रंग टिकवणारा एनसीपी दोरा आणून ठेवा. दोऱ्याचा शेवट गुंडाळीच्या आत ओढून घेण्यासाठी दोऱ्याचे १५ सेंटिमीटरचे फास आधीच करून ठेवावेत. नवं पातंही हवं, जुनं दोरा कापण्याऐवजी पिंजतं. गुंडाळी पायाच्या टोकाबाहेर ३-४ मिलिमीटरवर सुरू करा. ताण इतकाच, की बांधून झाल्यावरही अंगठ्याने रेटलं तर गाइड किंचित सरकेल. गाइडांची ओळ त्याच वेळी जुळवायची. एपॉक्सी चढल्यावर काही हलत नाही.

एपॉक्सीसाठी दोन वेगळ्या सिरिंज लागतील, त्याही सिलिकॉनविरहित. सिलिकॉनचा अंश उतरला की थर जागोजागी फाटतो. दोन्ही भाग सम प्रमाणात, किमान ३-३ मिलिलिटर घ्या. त्याहून कमी घेतल्यास मापातली थोडी चूकही मोठी ठरते आणि थर चिकट राहतो. सावकाश ढवळून मिश्रण ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. बुडबुडे लवकर निघतात, आणि वाटीत साचून तापणारं मिश्रण जसं झपाट्याने घट्ट होतं तसं होत नाही. खोली २१ ते २५ अंश, शक्यतो कोरडी, पंखा बंद. फिरवायची मोटर आधी नुसती चालवून बघा. मोटर नसेल तर थर ओघळायचा थांबेपर्यंत काठी हाताने फिरवत बसावं लागेल, तेवढा वेळ मोकळा ठेवा.

फॉइलवरचं उरलेलं मिश्रण टाकू नका. दुसऱ्या दिवशी नख त्यावर दाबून बघा, काठीवर नाही.