डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळताना स्वतःच्या बाबतीत या चुका टाळा

संध्याकाळचे पाच वाजले की सासूबाई कपाटातली दोन लुगडी काढून पिशवीत कोंबायच्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. "मला घरी सोड गं." मी रोज सांगायचे, "आई, हेच तुमचं घर." मग माझा आवाज चढायचा, त्या रडायच्या आणि रात्री माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही.

पटवून देण्याचा हा हट्ट ही माझी पहिली चूक. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याच्या आजाराचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात नवीन आठवण धरून ठेवणारा मेंदूचा भाग लवकर झिजतो. आत्ता पटलेलं दहा मिनिटांत पुसलं जातं, आणि दमतो ते आपण. पुढे मी एवढंच विचारू लागले, "घरी कोण कोण आहे?" माहेरची विहीर, रहाट, धाकटा भाऊ असं बोलता बोलता हातातली पिशवी आपोआप खाली यायची. चहा साडेचारलाच द्यावा, अंधारायच्या आधी दिवे लावावेत. आमच्याकडे याचाही फरक पडला.

सगळ्यात महागात पडली ती "मी आहे ना, मी बघते" ही सवय. नणंद फोनवर म्हणायची, "काही लागलं तर सांग हं वहिनी." मनापासून म्हणायची, पण काय लागतं ते सांगण्याइतकंही त्राण माझ्यात नसायचं. मोघम मागितलेली मदत मोघमच मिळते. शेवटी एका रविवारी वहीत सगळं लिहून काढलं: आंघोळ, गोळ्या, डायपर, डॉक्टर, पेन्शनचं काम, रात्री तीनदा उठणं. ते पान फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलं. नणंदेने दुसरा आणि चौथा शनिवार घेतला, रात्री इथेच राहते. दीर लांब असतात, ते रात्रीच्या मावशींचा पगार देतात. यांनी आंघोळ स्वतःकडे घेतली. ज्या रात्री मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सासूबाईंचा राग आला नाही. काळजी घेणाऱ्याची झोप हे मी औषधच मानते.

त्यांच्या गोळ्यांचा डबा दर आठवड्याला भरत होते, स्वतःचं बीपी मात्र दोन वर्षं तपासलं नव्हतं. दाढ दुखली तर लवंग धरायची, पाठ दुखली तर बाम. त्यांच्या अपॉइंटमेंटच्या दिवशीच स्वतःचीही तपासणी उरकून घ्या.

एकदा आंघोळीच्या वेळी मी त्यांचा हात झटकला. तो प्रसंग मनात कुढत ठेवला, हीही चूकच. असं झालं तर त्यांना सुरक्षित बसवा, पाच मिनिटं गॅलरीत जा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. रोज रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं.

एक-दोन दिवसांत माणूस अचानक फार गोंधळला, भास होऊ लागले किंवा सुस्त पडला, तर "आजार वाढला" म्हणून सोसत बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवीन औषध यांमुळेही असं होतं, आणि त्यावर इलाज असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि लपवू नका. "लोक वेडी म्हणतील" या भीतीने आम्ही वर्षभर पाहुणे टाळले. देशात साठीपुढच्या दर 100 जणांमागे साधारण 7 जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे तुमच्या सोसायटीतही हे घर एकटं नसेल. आम्ही वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला सगळं सांगून नंबर देऊन ठेवला. मागच्या श्रावणात सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा वाण्याने त्यांना दुकानात स्टुलावर बसवलं, हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्या त्याला विहिरीची गोष्ट सांगत होत्या.