मारुती जिप्सीचा क्लच बदलताना या चुका टाळा

‘क्लच गेला’ म्हणून गॅरेजला येणाऱ्या काही जिप्सींचा क्लच मुळात ठणठणीत असतो. १९८५ ची ९७० सीसी असो की १९९६ नंतरची १३०० सीसीची किंग, या गाडीत ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटून नसते. ती चासीवर ३ रबर माउंटांवर वेगळी बसते आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ही माउंटं फाटली की पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरते, झटके देते. लक्षण हुबेहूब क्लचचं. मग गिअरबॉक्स उतरतो, नवा सेट बसतो आणि थरथर होती तशीच राहते. म्हणून आधी गाडीखाली जा, पहारीने ट्रान्सफर केस हलवून बघा. गिअरबॉक्स आणि इंजिनची माउंटंही त्याच वेळी तपासा.

क्लच सरकत असेल, म्हणजे इंजिन फिरूनही चाकांना जोर मिळत नसेल, तर पहिला संशय केबलवर घ्या. क्लचची प्लेट झिजते तशी, तिला फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागच्या जड चाकावर) दाबणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं मागे येतात आणि पेडलची मोकळी चाल (दाब लागण्याआधीची सैल हालचाल) कमी होत जाते. १३०० सीसीत ही चाल २० ते ३० मिमी हवी, केबल जिला ओढते त्या रिलीज आर्मच्या टोकाला २ ते ४ मिमी. चाल संपली की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बोटांवर कायम दाबून राहतं आणि चांगली प्लेटही सरकते. केबलचा नट सैल करून चाल द्या, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी ओढली नाही, तर क्लच खरंच संपलाय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर फ्लायव्हील तापून निळं पडतं.

उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गिअरबॉक्सचं ऑईल आधी रिकामं करा. आखूड शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून सरकून बाहेर येतो, त्यामुळे ऑईल तसंच ठेवलं तर सगळं अंगावर येतं. फ्लॅन्ज (शाफ्टच्या टोकाची बोल्टांची तबकडी) सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंवर रंगाची एक रेघ मारून ठेवा. शाफ्ट वेगळ्या जागी फिरवून बसवला तर नवी थरथर सुरू होऊ शकते आणि दोष पुन्हा क्लचच्या माथी येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इंजिनला आधार न देणं. गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे झुकतं. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) असलेल्या गाड्यांत तो सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) अगदी जवळ असतो. तो टेकला तर कॅप फुटते. संपखाली (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅक लावा, पण जॅक थेट संपच्या पत्र्यावर नको, पत्रा दबतो. गाडी मात्र स्टँडवरच हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ती ओल्या फडक्याने पुसा.

फक्त प्लेट बदलणं

पैसे वाचवण्याचा हा मार्ग फसवा आहे. मजुरी लागते ती गिअरबॉक्स उतरवण्याची, म्हणून तो खाली असताना प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग एकत्रच बदला. रिलीज शाफ्टचे बुश झिजले असतील तर तेही बदला, नाहीतर पेडल जड राहतं. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) ओलं असेल तर आधी ऑईल कुठून आलं ते शोधा. काळं असेल तर बहुतेक क्रँकचं मागचं सील, उग्र वासाचं दाट असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. सील तसंच ठेवून बसवलेली प्लेट ऑईल पिऊन पुन्हा सरकणारच.

जुनी प्लेट परत वापरायचा मोह झाला तर रिवेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते मोजा. ०.५ मिमीपेक्षा कमी असेल तर ती भंगारात. फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या भेगा किंवा ०.२ मिमीपेक्षा जास्त डगमग दिसली तर ते लेथवर द्या किंवा बदला. दुकानात जाताना जुने भाग सोबत न्या. व्यास आणि स्प्लाइन (हबमधले शाफ्टवर बसणारे दाते) जुळवूनच नवे घ्या, कारण ९७० आणि १३०० चा क्लच एक नाही.

बसवताना

नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा. रिलीज बेअरिंग मात्र पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवू नका. ते सीलबंद असतं, आतलं ग्रीस विरघळतं आणि थोड्याच दिवसांत पेडल दाबताच घरघर सुरू होते.

प्लेटच्या हबची बाहेर आलेली, स्प्रिंगांची बाजू गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर स्प्रिंगचा भाग फ्लायव्हीलला घासतो आणि क्लच सुटतच नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. स्प्लाइनला ग्रीसचा नुसता हात लावा, जास्त झालं तर ते फिरताना अस्तरावर उडतं.

प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरा. कव्हरचे ६ बोल्ट समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा देत आवळा, शेवटी टॉर्क पान्याने १८ ते २८ न्यूटन-मीटर. एका बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं.

गिअरबॉक्स शेवटचं बोटभर अंतर जात नसेल तर बोल्टांनी ओढून घ्यायचा नाही, हे कितीही सांगितलं तरी कमीच आहे. तेव्हा त्याचं सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं, हब वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. मागे घ्या, उंची जुळवा, टॉप गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट थोडा फिरवा. स्प्लाइन जुळली की तो हाताने जातो.

शेवटी गिअरबॉक्समध्ये साधारण १.३ लिटर जीएल-४ दर्जाचं गिअर ऑईल भरा, केबल तपासा आणि मोकळी चाल नव्याने लावा.

तरीही त्रास असेल तर

रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल तर चाल जास्त आहे किंवा हब वाकलाय. फक्त सुरुवातीला थरथरत असेल तर फ्लायव्हील किंवा माउंट. बरेच दिवस उभ्या असलेल्या किंवा पावसाळ्यात ओढ्यातून नेलेल्या गाडीचा क्लच अजिबात सुटत नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते.

पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवा, दुसरी गाडी ओढू नका. ताडोबासारख्या ठिकाणी सफारीच्या जिप्सी मातीच्या रस्त्यावर तासन्‌तास रांगतात. तिथे हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) हाफ क्लचवर रेंगाळण्याऐवजी, चाकांना थोडं घसरायला वाव असेल तेव्हा, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी संथ रेंज) टाका. डांबरावर मात्र फोर-लो नको.