बड्या टेक कंपन्यांची आर्थिक ताकद जोखताना या चुका टाळा

स्क्रीनरवरचे (शेअर गाळून दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचे) चार रेशो, म्हणजे आर्थिक गुणोत्तरं, पाहायचे आणि अमेरिकन शेअर घ्यायचे, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. सिमेंट कंपनीबद्दल हे रेशो बरंच काही सांगतात. अ‍ॅपलला लावले की दिशाभूल करतात.

आरओई पाहून हुरळून जाणं

सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात अ‍ॅपलचा निव्वळ नफा सुमारे ९४ अब्ज डॉलर होता आणि ताळेबंदात भागधारकांचं भांडवल जेमतेम ५७ अब्ज. आरओई, म्हणजे भांडवलावरचा परतावा, १६० टक्क्यांच्या वर! धंदा झकास आहे, पण हा आकडा निव्वळ धंद्याचा नाही. त्याच वर्षी कंपनीने सुमारे ९५ अब्ज डॉलरचा बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. वर्षानुवर्षं हेच चालू असल्याने भागाकारातला छेदच, म्हणजे भांडवल, आटलाय. कर्ज-भांडवल गुणोत्तर भीतीदायक दिसतं तेही त्यामुळेच.

याच ताळेबंदात उलटी चूकही होते. करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी) १ च्या खाली दिसला की 'पैशांची चणचण' असा शेरा मारून लोक मोकळे होतात. पण दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवलेले सुमारे ९१ अब्ज डॉलर चालू मालमत्तेत धरलेलेच नसतात. रेशो बाजूला ठेवा आणि साधी वजाबाकी करा: रोख आणि सगळे रोखे मिळून सुमारे १५७ अब्ज, कर्ज सुमारे १०७ अब्ज.

निव्वळ नफ्यावर भिस्त ठेवणं

अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये २.७ अब्ज डॉलर तोटा दाखवला. कारण होतं रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीतल्या हिश्श्याची घसरलेली किंमत, त्यापोटी १२.७ अब्ज लिहून टाकावे लागले. दुकानदारीशी याचा संबंध नाही. विभागवार आकडे पाहिले तर वेगळंच चित्र दिसतं: २०२४ मध्ये एकूण विक्रीत एडब्ल्यूएसचा, म्हणजे तिच्या क्लाउड व्यवसायाचा, वाटा सहाव्या हिश्श्याएवढा, ऑपरेटिंग नफ्यात (मूळ धंद्यातल्या नफ्यात) मात्र निम्म्याहून जास्त.

घसाऱ्याकडे काणाडोळा

माझ्या मते सध्याची सगळ्यात महागडी चूक हीच. गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटने २०२३ पासून सर्व्हरचं आयुष्य चारवरून सहा वर्षं धरलं आणि त्या वर्षीचा घसारा (यंत्रांच्या किमतीचा दरवर्षी खर्च म्हणून दाखवला जाणारा हिस्सा) सुमारे ३.९ अब्ज डॉलरने कमी झाला. सर्व्हर तेच, वीजबिलही तेच, नफा मात्र वाढला. २०२५ पासून फेसबुकवाल्या मेटाने हे आयुष्य साडेपाच वर्षांवर नेलं. अ‍ॅमेझॉनने त्याच वर्षी काही सर्व्हरचं सहावरून पाचवर आणलं, एआयमुळे यंत्रं लवकर जुनी होतात म्हणून. दोन कंपन्यांचे पीई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) शेजारी ठेवण्याआधी दोघींच्या वार्षिक अहवालातली घसाऱ्याची टीप वाचा. मग कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोख पैशाची आवक-जावक दाखवणाऱ्या पत्रकात, यंत्रसामग्रीवर खरोखर किती पैसा गेला ते बघा. फायनान्स लीजने (खरेदीसारख्याच दीर्घ भाडेकराराने) घेतलेली यंत्रं त्या ओळीत येत नाहीत, ती वेगळी शोधावी लागतात.

दणकट कंपनी म्हणजे कुठल्याही भावाला घ्यावी

मायक्रोसॉफ्टच्या शेअरने डिसेंबर १९९९ मधला उच्चांक ओलांडला तो २०१६ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात कंपनीचा महसूल साडेतीन पटींहून जास्त वाढला होता.

शेअररूपी पगार विसरणं

मेटाने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना सुमारे १६.७ अब्ज डॉलरचा मोबदला शेअरमधून दिला. रोख गेली नाही म्हणून कॅश फ्लोमध्ये हा खर्च नफ्यात पुन्हा जोडला जातो. फ्री कॅश फ्लोमधून (यंत्रसामग्रीचा खर्च वजा जाता धंद्यातून उरणाऱ्या रोखीतून) तो वजा करूनच किंमत ठरवा. आकडा शोधायला टेन-के अहवाल (कंपनीचा सरकारदरबारी सादर होणारा वार्षिक अहवाल) उघडा. अमेरिकी बाजार नियामक 'सेक'च्या एडगर संकेतस्थळावर तो फुकट मिळतो.