कुणीतरी जनावर उपाशी बांधून ठेवलंय अशी तक्रार आली तर

आधी फोन करणाऱ्यालाच नीट विचारा, स्वतः पाहिलं का, कधी, किती वेळा, कारण बऱ्याच तक्रारी ऐकीव असतात आणि काही तर चक्क शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून केलेल्या. सगळं तारीख-वेळ टाकून वहीत लिहा, ती वही संस्थेत एकाच माणसाकडे ठेवा.

जाताना दोघं जा. परवानगीशिवाय गेटच्या आत पाय टाकायचा नाही, कुलूप तोडून जनावर उचलून आणलंत तर केस तिथेच मेली समजा. मालकाशी शांतपणे बोला, बऱ्याचदा माणूस दुष्ट नसतो, घरात आजारपण असतं, पैसे नसतात.

बघायचं काय? पाणी, सावली, साखळी किती लांब, पट्टा मानेत रुतलाय का, खूर वाढून वळलेत का. फोटो एक लांबून एक जवळून. मालक हो म्हणाला तर हात फिरवून बघा, दाट केसांखाली बरगड्या दिसत नाहीत पण हाताला लागतात. व्हेट लोक, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, जनावर किती बारीक किंवा जाड यावर १ ते ९ असा बॉडी स्कोअर देतात, कुत्र्याला ४-५ म्हणजे ठीक, १ म्हणजे निव्वळ सापळा. पण बारीक म्हणजे उपाशीच असं नाही हं, किडनीचा आजारही असू शकतो, ते व्हेटलाच ठरवू द्या.

आणि खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरून जीव जाऊ शकतो, थोडं थोडं द्या, तेही व्हेटला विचारून.

जीवाला धोका असेल तर थेट पोलीस. नाहीतर मालकाला सुधारणा करायला लेखी मुदत द्या, आणि त्या तारखेला खरंच परत जा.