खुराडं उन्हात काढा: बर्ड फ्लूचा विषाणू कोंबड्यांच्या घरात टिकू नये म्हणून

पौषात आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, रानबदकांनी गजबजतात. धान कापून झालेलं असतं, बांध्यांत लोंब्या सांडलेल्या असतात, आणि गावच्या कोंबड्या दिवसभर तिथेच चरतात. रानबदकं सहसा आजारी दिसत नाहीत, पण इन्फ्लुएन्झाचे विषाणू मुळात त्यांच्यातच वस्तीला असतात आणि विष्ठेतून पाण्यात, चिखलात उतरतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूनं दगावले. पुढच्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. म्हणजे ही गोष्ट आपल्या सांदवाडीपासून, म्हणजे परसापासून, फार लांबची नाही.

सुरुवातीलाच एक अट. तुमच्या किंवा शेजारच्या कोंबड्या पटापट मरत असतील, तुरा निळा-जांभळा पडत असेल, तर पुढचं काही करू नका. खुराडं झाडू नका, मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका, कुत्र्या-मांजरांपुढेही टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ही खालची रीत धडधाकट कोंबड्यांच्या घरासाठी आहे, हिवाळ्यात दर पंधरवड्याला करायची.

शत्रू ओळखून घ्या

हा विषाणू अंगाबाहेर वाढत नाही, नुसता तग धरून बसतो. त्याच्यावर चरबीचं पातळ वेष्टण असतं. थंडीत ते थिजल्या तुपासारखं घट्ट होतं आणि आतल्याला सांभाळतं. उन्हात, साबणात ते टिकत नाही. म्हणून त्याला चार गोष्टी मानवतात: गारवा, ओल, सावली आणि विष्ठा. ४ अंशांच्या गारव्यात कोंबडीच्या ओल्या विष्ठेत तो महिनाभराहून जास्त जिवंत राहतो, ३७ अंशांत जेमतेम आठवडा. थंड गोड्या पाण्यात तर महिनोन्महिने. याच्या उलट, थायलंडमधल्या एका प्रयोगात ३२ ते ३५ अंशांच्या थेट उन्हात ठेवलेल्या विष्ठेतला विषाणू अर्ध्या तासात संपला, आणि २५ ते ३२ अंशांच्या सावलीत तोच चार दिवस टिकला.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश चढतात तेव्हा ऊनच निम्मं काम करतं. अडचण पौषातल्या खुराड्याची आहे. कवेलूच्या (कौलांच्या) छपराखाली, मागच्या भिंतीला लागून, दिवसभर अंधार, आणि खाली महिनाभराचं दमट तणस (धानाचा पेंढा). मानवणाऱ्या चारही गोष्टी आपणच एका जागी आणून ठेवलेल्या असतात.

काम सकाळी काढा

कोंबड्या चरायला सुटल्या की लगेच. खुडूक बसलेली असेल तर अंड्यांसकट तिचं डालं दुसरीकडे हलवा. अंगात जुने कपडे, पायांत गमबूट किंवा वेगळी चप्पल, हातात मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या, तोंडाला मास्क. मास्क नसला तर दुपट्टा, पण दोन-तीन घड्या करून.

आधी सगळ्यावर पाणी शिंपडा. कोरडी विष्ठा झाडली की तिची धूळ उडते आणि ती थेट आपल्या नाका-डोळ्यांत जाते. भिजू द्या, मग फावड्यानं ओढा, खराटा नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं. खरवडणं आधी, ब्लिचिंग शेवटी. मी स्वतः पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. तणसावरच मूठ मूठ ब्लिचिंग भुरकावलं, सगळं पांढरंफेक दिसलं, मन भरलं. दुसऱ्या दिवशी सहज फावडं घातलं तर वरचा एक पापुद्रा पांढरा आणि खाली हिरवट, ओलं, जसंच्या तसं. क्लोरीन विष्ठेशी आणि तणसाशीच झुंजून संपून जातं, विषाणूपर्यंत पोहोचायला काही उरत नाही. त्यामुळे तणस, पिसं, भिंतीच्या कोपऱ्यात वाळून बसलेले थर, बसायच्या दांड्याखालची खपली, सगळं खरवडून घमेल्यात घ्या. दांड्याची खालची बाजू हात फिरवून पाहा. वरून स्वच्छ दिसणारा दांडा खालून जाड असतो.

"काऊन बाप्पा, लगनघर आहे का हे, इतकं घासून रायला?" असं आमची माय दर वेळी विचारते. घासा तरीही. साध्या कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी करा आणि भिंत, फरशी, दार घासून काढा. साबण चरबीचं वेष्टण फोडतो, म्हणजे बराच विषाणू इथेच मरतो. दाराची कडी विसरू नका. पत्रा, प्लॅस्टिक, स्टील अशा गुळगुळीत वस्तूंवर फ्लूचा विषाणू एक-दोन दिवस टिकतो. कापडा-कागदावर आठ-बारा तास, आणि हातावर जेमतेम पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत आपण डोळा चोळतोच.

घासून पाणी निथळलं की मग ब्लिचिंग. १० लिटरच्या बादलीत ताजी पावडर साधारण १५० ग्रॅम, ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. ते किमान १० मिनिटं तरी पृष्ठभागावर ओलं राहिलं पाहिजे. पावडर ताजीच हवी. पुडी उघडी राहिली, दमट झाली, की नुसता चुना उरतो. वास घेऊन ओळखता येतं, पण नाक पुडीत खुपसू नका. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मातीच्या भिंतींना ब्लिचिंगपेक्षा चुन्याची सफेदी बरी.

मग ऊन

दार सताड उघडं. जमत असेल तर छपरावरचे चार-सहा कवेलू काढून ठेवा, दुपारचं ऊन थेट जमिनीवर पडलं पाहिजे. डालं, दांडे, पाण्याचं भांडं अंगणात पालथे घाला. पाण्याला फुटक्या माठाचं खापर ठेवलं असेल तर फेकून द्या. त्याच्या छिद्रांतली शेवाळ कितीही घासली तरी निघत नाही. पिण्याचं पाणी हापशीचं द्या, रोज बदला. तलावाचं किंवा बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी कोंबड्यांना हिवाळ्यात नकोच.

काढलेलं तणस उकिरड्यावर उघडं टाकू नका, कोंबड्या तिथेच उकरायला जातात. खड्ड्यात पुरा, वर चुना आणि माती. आमच्याकडे ते थेट परसातल्या वांग्यांना घालायची सवय आहे; हिवाळ्यात तेवढी मोडा.

फावडं आणि चपला त्याच ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून काढा, कपडे धुवून उन्हात टाका, आणि हात साबणानं कोपरापर्यंत. बाजारातून नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळ्या डाल्याखाली. कोंबडीच्या मटणाबद्दल लोक घाबरून विचारतात: आतपर्यंत ७० अंश तापलं की विषाणू उरत नाही, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. जपायचं ते कच्ची कोंबडी सोलताना.

काम सकाळीच काढायचं आणखी एक कारण आहे. ब्लिचिंगचा वास संध्याकाळपर्यंत राहिला तर कोंबड्या आत शिरत नाहीत. आमच्या एकदा रात्रभर कडुनिंबावर बसल्या, आणि पहाटे एक कमी भरली. दिवस कलेपर्यंत जमीन खडखडीत वाळली, नाकाला वास येईना, की नवं कोरडं तणस अंथरा आणि दार लावा.