वर्गात पॉडकास्ट ऐकवताना
वर्गात पॉडकास्टचा अख्खा भाग लावू नका. आधी स्वतः पूर्ण ऐका, धड्याला धरून असलेला ४-५ मिनिटांचा तुकडा निवडा आणि तो कुठून कुठपर्यंत आहे ती वेळ टिपून ठेवा. ऐकवण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा, जसं ‘वक्ता हे कशाच्या आधारावर म्हणतोय?’ मुलं मग नेमकं तेच शोधत ऐकतात. पहिल्यांदा वह्या बंद, नुसतं ऐकणं. दुसऱ्यांदा मध्ये मध्ये थांबवून टिपणं काढू द्या. वेळ नाही म्हणून ही दुसरी फेरीच बहुतेकदा गाळली जाते. कृपा करून गाळू नका, निसटलेलं तेव्हाच हाती लागतं. परभाषेतला भाग असेल तर ऐकवण्याचा वेग ०.७५ पट, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी लिखित मजकूर आधीच छापून आणा.