कुत्र्याला घेऊन छोट्या ट्रेलरमध्ये कॅम्पिंग? निघण्याआधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसात सगळं उरकायचा बेत. सकाळी रामटेकचं गडमंदिर, दुपारी खिंडसीला बोटिंग, येताना सावजी, असं ठरवून निघता न, तर तुमचा दिवस छान जाईल पण कुत्र्याचा अर्धा दिवस कुठंतरी बांधून नाहीतर गाडीत बंद जातो. गडावर माकडं आहेत, तिथं तो वेडा होऊन भुंकणार, बोटीत त्याला घ्यायचं की नाही हा वेगळा घोळ. त्यापेक्षा एकच जागा धरा, नागपूरपासून तास-दीड तासावर, ओळखीच्या कोणाचं शेत असेल तर सगळ्यात बेस्ट, दहा वाजेपर्यंत पोचा, ट्रेलर सावलीत लावा आणि मग काहीच करू नका. तो वास घेत फिरेल, झोपेल, परत उठेल. त्याच्यासाठी हाच फुल कार्यक्रम आहे.

दुसरं, जंगलाच्या इतक्या जवळ राहतो आपण, त्यामुळे "पेंचला जाऊ, कुत्राही येईल" असं सहज बोलून जातो. पेंच काय किंवा बोर काय, व्याघ्र प्रकल्पात पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली प्राण्यांना लागतो, २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यातही हा व्हायरस सापडला होता. आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे, म्हणून जंगलालगतच्या गावात मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर त्याला बाहेर बांधून ठेवायचंच नाही, शू करायलाही पट्टा हातात धरून न्या. डिस्टेंपर आणि रेबीजची लस झालेली नसेल तर ट्रिपच पुढे ढकला, प्लीज.

आता ट्रेलर. चालत्या ट्रेलरमध्ये कुत्रा ठेवू नका, कितीही छान गादी घातली तरी. आत हादरे बसतात, हवा खेळत नाही आणि त्याला काय झालं ते तुम्हाला समोर कळत नाही. तो गाडीत मागच्या सीटवर, हार्नेस बेल्टला अडकवून. पाण्याचे कॅन, कूलर असलं जड सामान ट्रेलरच्या पार मागे टाकलं की स्पीडला ट्रेलर डोलायला लागतो, ते एक्सलच्या वर किंवा थोडं पुढे ठेवा. आणि काळी माती! अवकाळी पडून गेला असेल तर शेतात ट्रेलर उतरवूच नका, चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवल्याशिवाय निघत नाही, मुरमाची जागा बघा. गाडीचा हूक सोडायच्या आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

शेतात पोचलात की मालकाला पहिला प्रश्न हा विचारा की झटका मशीनची, म्हणजे करंट सोडलेल्या कुंपणाची, तार कुठून कुठपर्यंत आहे आणि चालू कधी करता. रानडुकरांसाठी सगळीकडे लावून राहिले लोक, कुत्रा नाक लावतो आणि घाबरून जो पळतो तो सापडत नाही. नवीन जागी लांब दोरी, मोकळा सोडणं नाही.

उन्हाबद्दल जरा जास्तच सांगतो कारण थंडीतही लोक इथं फसतात. बाहेर २४ डिग्री असलं तरी उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात ४३ च्या आसपास जाते, छोटा ट्रेलरही तसाच तापतो, म्हणून "पाच मिनिटात येतो" म्हणून कुत्र्याला आत कोंडू नका. तो जोरात धापा टाकतोय, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि ओतता-ओतताच डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्यात गरमी अडकते. एप्रिल-मे मध्ये तर आपल्याकडे हा प्रकार करूच नका.

सावजी मटणाची हाडं द्यायची नाहीत. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाटू शकतं, आणि रश्श्यातला कांदा-लसूण त्याला विषारी. द्राक्षं, मनुकाही नाही. संत्र्याच्या एक-दोन फोडी बिया काढून चालतात. घरी आल्यावर कानात, बोटांच्या मधे गोचीड बघा, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सोडलं तर टिक फीव्हरची टेस्ट करून घ्या.

रात्री तो ट्रेलरमध्ये चढतच नाही, किंवा चढला तर रडून राहिला, हा प्रॉब्लेम सगळ्यांनाच येतो. ओढून आत घालू नका. आठवडाभर आधी ट्रेलर घरासमोर उभा करून, दार उघडं ठेवून त्याचं जेवण आत द्यायला लागा, त्याची रोजची, न धुतलेली चादर आत टाका. तिथं गेल्यावर पायरी उंच वाटत असेल तर फळी लावा. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे आत नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो, तुमचाही आणि त्याचाही. एक जास्तीचं ब्लँकेट घ्या आणि वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.